शिकंज्याविना सोळा टन

माढा तालुक्यातल्या जुन्या विहिरींमध्ये पाण्याची मोटर पुष्कळदा काठावर नसते. ती आत बऱ्याच खाली, खडकात खोदलेल्या किंवा लोखंडी तुळयांवर बांधलेल्या कट्ट्यावर बसवलेली असते, आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की तिला वर घेण्याची धावपळ होते. हा उपद्व्याप का करावा लागतो, हे कोडे विचार करण्याजोगे आहे. तीच मोटर पाणी शंभर फूट उंचीच्या टाकीत चढवू शकते, मात्र खालून पाणी घ्यायचे असेल तर पंचवीस फुटांच्या आसपास हात टेकते, आणि अधिक अश्वशक्तीची मोटर आणली तरी या मर्यादेत काही फरक पडत नाही.

उत्तर असे, की मोटर पाणी ओढतच नाही. ती नळीतला दाब कमी करते एवढेच. विहिरीतल्या पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर वातावरणातल्या हवेचा जो भार सतत पडलेला असतो, तो ते पाणी नळीत वर ढकलतो. हवेचा हा भार पाऱ्याच्या किती उंच स्तंभाला तोलून धरतो, हे १६४३ साली इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगाने दाखवून दिले: समुद्रसपाटीवर सुमारे ७६ सेंटीमीटर पारा, आणि पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे, सुमारे १०.३ मीटर पाणी. पुढे १६४८ मध्ये पास्कालच्या सूचनेवरून त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली, तेव्हा उंचावर हा स्तंभ आखूड होतो हेही सिद्ध झाले. माढा तालुक्यातले कुर्डुवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथे हवेचा भार पाऱ्याच्या जवळपास ७१.५ सेंटीमीटरांइतकाच भरतो आणि विहिरीतल्या पाण्याची सैद्धांतिक मर्यादा ९.७ मीटरवर येते. घर्षण, वळणे आणि फूटव्हॉल्व्ह यांचा हिस्सा वजा केला की हाती सात मीटर उरतात.

हवेचा हाच भार लाकडावर व्हेनियर चिकटवण्यासाठी वापरता येतो. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे निर्वात दाबयंत्र, कारखान्यांच्या भाषेत व्हॅक्यूम प्रेस, आणि त्याची जुळणी एखाद्या लहान गावातल्या सुतारकामाच्या शेडमध्येही होऊ शकते.

अर्ध्या मिलिमीटरची अडचण

व्हेनियर म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानासारखे मोलाचे लाकूड करवतीने फळ्यांत कापले तर एक इंच जाडीची एकच फळी मिळते आणि वर भुसा वाया जातो. तेच लाकूड भिजवून, मऊ करून मोठ्या पात्याने सोलले किंवा तासले तर तेवढ्याच जाडीतून अर्ध्या मिलिमीटरची सुमारे पन्नास पाने निघतात. ही पाने प्लायवूड किंवा एमडीएफसारख्या साध्या पायावर बसवली की बाहेरून सागवान दिसते आणि पाया मात्र घन लाकडासारखा फुगत-आकसत नाही.

बाजारात मिळणारा व्हेनियरचा तयार पत्रा बहुधा तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवर आधीच चिकटवलेला असतो आणि तो बसवताना फारशी कसरत लागत नाही. नुसते पान बसवायचे असेल तर गोष्ट वेगळी. चिकटद्रव्यातले पाणी पानाच्या तंतूंत शिरते, पान रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, आणि जिथे वरून दाब नसेल तिथे उचलले जाऊन फोड येतो. पॉलिश झाल्यावर हाच फोड नखाने वाजवला असता पोकळ आवाज देतो. म्हणून दाब नुसता भरपूर असून चालत नाही, तो प्रत्येक चौरस इंचावर सारखा असावा लागतो. शिकंजा ही अट पुरी करू शकत नाही, कारण त्याचा जोर जबड्याखाली एकवटतो आणि बाजूला जाताना विरतो. जाड फळ्या आडव्या घालून तो पसरवता येतो खरा, पण सात फूट बाय तीन फुटांच्या दरवाजासाठी मग इतके शिकंजे लागतात की शेवटचा आवळेपर्यंत पहिल्याखालचा फेव्हिकॉल सुकू लागतो.

दाबणारा कोण

निर्वात दाबयंत्रात पाया, त्यावर चिकटद्रव्य आणि त्यावर पान असा थर एका हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवतात, पिशवीचे तोंड बंद करतात आणि पंपाने आतली हवा काढून टाकतात. पिशवी आकसते आणि कामाला घट्ट बिलगते, त्यामुळे पिशवीच दाबते आहे असा भास होतो. प्रत्यक्षात पिशवीची भूमिका केवळ पडद्याची असते: बाहेरची हवा आत येऊ न देणे. दाबणारी हवा आधीपासूनच तिथे होती. फरक इतकाच, की आधी ती आतूनही तितक्याच जोराने रेटत होती आणि आता आतला रेटा काढून घेतला आहे. पंपाच्या गेजवर काटा पाऱ्याचे ६० सेंटीमीटर दाखवू लागला म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ०.८२ किलोग्रॅम भार पडतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण वर सांगितलेल्या दरवाजाचे क्षेत्रफळ २१ चौरस फूट, म्हणजे साडेएकोणीस हजार चौरस सेंटीमीटर भरते, आणि गुणाकार सोळा टनांच्या घरात जातो. बार्शी लाइट रेल्वे या अरुंदमापी लोहमार्गाची आखणी करताना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने कोणत्याही डब्याच्या वा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये अशी मर्यादा घातली होती. म्हणजे तीन आसांचा भार त्या दरवाजावर सारखा पसरलेला असतो.

हे सोळा टन टेबलावर पडत नाहीत, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. हवा पिशवीला वरून जितकी रेटते तितकीच खालूनही रेटते, दोन्ही रेटे परस्परांना तोलतात आणि मधले काम चिमटीत सापडावे तसे दाबले जाते; टेबलाने सांभाळायचे ते फक्त लाकडाचे वजन. म्हणूनच स्क्रूच्या दाबयंत्राला जी जाडजूड लोखंडी चौकट लागते तिची येथे गरज पडत नाही. मात्र याच कारणामुळे टेबलाकडून सरळपणा मिळेल अशी अपेक्षाही ठेवता येत नाही: पिशवीत कामाखाली ठेवलेली तळफळी वाकडी असेल तर दरवाजाही तितकाच वाकडा होऊन बाहेर येतो.

चौकट : काट्याचा आकडा आणि भार
गेजवर ४० सेंटीमीटर असता एका चौरस फुटावर सुमारे ५०० किलोग्रॅम भार पडतो. ५० असता सुमारे ६३०. ६० असता सुमारे ७६०. समुद्रकिनाऱ्यावर आदर्श पंपाचा काटा ७६ पर्यंत जाऊ शकेल. कुर्डुवाडीत तो ७१.५ च्या आसपास थांबेल आणि भार ९०० किलोग्रॅमच्या पुढे जाणार नाही. गेज इंचांत असेल तर ७६ आणि ७१.५ हे आकडे अनुक्रमे ३० आणि २८ असे वाचावेत. कुर्डुवाडीत काटा २९ इंचांवर जात नाही म्हणून पंप सदोष ठरत नाही.

रेल्वेतले निर्वात

कुर्डुवाडीला निर्वाताचे हे तत्त्व नवे नाही. मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे हे स्थानक एके काळी बार्शी रोड या नावाने ओळखले जात असे, आणि १८९७ मध्ये तिथून बार्शीकडे अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी मार्ग, म्हणजे वर उल्लेखलेली बार्शी लाइट रेल्वे, सुरू झाला; पुढे तो पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढला, आणि गावात रेल्वेचा कारखाना आला. भारतातल्या गाड्यांना दीर्घकाळ जे ब्रेक होते ते निर्वातावर चालत, आणि त्यांची रचना समजली की दाबयंत्राची निम्मी जुळणी समजते.

गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नळी जाई आणि इंजिन तिच्यातली हवा सतत बाहेर काढत असे. प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरात दट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे निर्वात असल्यामुळे दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली बसे आणि चाके मोकळी राहत. ड्रायव्हरने नळीत हवा सोडली की ती दट्ट्याखाली शिरे. वरच्या कप्प्याच्या वाटेवर मात्र एक लहान गोळी झडपेसारखी बसलेली असे, जी हवेला आत जाऊ देत नसे. वर निर्वात आणि खाली हवा अशा अवस्थेत दट्ट्या जोराने वर उचलला जाई आणि ब्रेक चाकांना भिडत. मधली नळी तुटली तरी हवा शिरून गाडी आपोआप थांबे, हा त्या रचनेतला खरा चतुरपणा. दाबयंत्रात नेमके उलटे असते: नळी तुटली की दाब जातो आणि ओले पान मोकळे होते. म्हणून ब्रेकमधल्या त्या गोळीचे काम करणारी एकमार्गी झडप, प्लंबरांच्या भाषेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पंप आणि पिशवी यांच्यामध्ये बसवणे ही येथे सोय नसून गरज ठरते. ऐन वेळी वीज गेली तरी आतले निर्वात तिच्यामुळे टिकते. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह हा तिचाच भाऊबंद.

पंपाची निवड

हवा काढण्याचे काम दोन टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्प्याची गरज वेगळी असते. पहिल्या टप्प्यात पिशवीतली सैल हवा, जी आठ फूट बाय चार फुटांच्या पिशवीत शंभर लिटरही असू शकते, झपाट्याने बाहेर जायला हवी. येथे पंपाचा वेग महत्त्वाचा. दुसऱ्या टप्प्यात पिशवी कामाला बिलगलेली असते, उरलेली हवा फटींत आणि लाकडाच्या रंध्रांत थोडीशीच असते, पण तिचा दाब खूप खाली न्यायचा असतो. येथे पंपाची खोली महत्त्वाची. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पहिला टप्पा उत्तम पार पाडतो, मात्र दुसऱ्यात साफ उताणा पडतो, कारण तो साधारण १५ सेंटीमीटरच्या आसपास थांबतो आणि हवा वाहायची बंद झाली की त्याची मोटर तापू लागते. पहिली हवा क्लीनरने काढून मग पंप जोडणे ही युक्ती त्यामुळे काटकसरीची आणि शहाणपणाची आहे.

एसी-फ्रीज दुरुस्त करणारे कारागीर जो फिरत्या पात्यांचा, तेलात बुडालेला पंप वापरतात तो सहज मिळतो. मिनिटाला ८५ लिटर, म्हणजे बाजाराच्या भाषेत तीन सीएफएमचा पंप एका पिशवीला पुरतो. त्याची खोड एकच: ओल्या चिकटद्रव्यातली वाफ तेलात मिसळते, तेल दुधासारखे पांढरट होते आणि वेळेवर बदलले नाही तर पंप गंजतो. तेलाशिवाय चालणारे पंप हा त्रास देत नाहीत, पण महाग असतात. भंगारातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून काम भागवण्याची प्रथा आहे. तो खोली बरी देतो, परंतु वेग फारच कमी असल्यामुळे आणि आतले तेल हळूहळू बाहेर फेकले जात असल्यामुळे त्यावर मोठ्या कामाची भिस्त ठेवणे इष्ट नाही. ज्या शेडमध्ये हवेचा मोठा कॉम्प्रेसर आधीच आहे तिथे व्हेंच्युरी हा चौथा मार्ग उपलब्ध असतो: अरुंद तोंडातून वेगाने जाणारी हवा आपल्याबरोबर शेजारची हवा खेचून नेते. वाफेच्या इंजिनातही ब्रेकच्या नळीतली हवा याच तत्त्वावर बाहेर काढली जाई, तिथे हवेऐवजी वाफ असे.

पंप सतत चालू ठेवायचा नसेल तर पिशवी आणि पंप यांच्यामध्ये साठवणीची टाकी व निर्वात-स्विच बसवतात. काटा ठरलेल्या आकड्याखाली घसरला की पंप चालू होतो, पुन्हा चढला की बंद. टाकीसाठी जाड पीव्हीसीचा चार इंची नळ दोन्ही टोकांना टोपणे चिकटवून वापरता येतो. पत्र्याचा डबा मात्र कदापि वापरू नये. बाहेरची हवा त्याला क्षणात चेपते, आणि या कामात सोळा टनांचा अनुभव घेण्याची ती योग्य पद्धत नव्हे.

पिशवी आणि तळफळी

पिशवी अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनच्या पत्र्याची असते. पीव्हीसी स्वस्त आणि घरच्या घरी चिकटवता येण्याजोगे. पॉलियुरेथेन अधिक ताणले जाते, त्यामुळे वळणदार कामात तेच सरस. तोंड बंद करण्यासाठी पिशवीची कड एका गोल दांड्याभोवती गुंडाळून वरून उभा चिरलेला प्लास्टिकचा नळ दाबून बसवतात.

तळफळी १८ मिलिमीटर जाडीची, वर सनमायका लावलेली असावी, म्हणजे सांडलेला फेव्हिकॉल तिला चिकटत नाही. तिच्यावर सुमारे सहा-सहा इंचांवर आडव्या-उभ्या उथळ खाचा करवतीने पाडतात. खाचांचे कारण कळले नाही तर त्या अनावश्यक वाटतात: पिशवी जिथे प्रथम बिलगते तिथे हवेची वाट बंद होते आणि दूरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकून राहतो, खाचा त्याला पंपाच्या तोंडापर्यंत रस्ता देतात. नळीचे निपल पिशवीतून आरपार येऊन तळफळीच्या एका खाचेत उघडले पाहिजे. फळीच्या कडा आणि कोपरे गोल घासणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते टाळले तर पिशवीला पहिल्याच दिवशी भोक पडते.

पानावर, मध्ये प्लास्टिकचा पातळ कागद घालून, एक वरफळी ठेवतात. ती कामापेक्षा फार मोठी असू नये, नाहीतर अधांतरी राहिलेली कड हवेच्या भाराने खाली वाकते किंवा मोडते. आतून पोकळ असलेल्या दरवाजाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे पोकळीतली हवाही हळूहळू निघून जाते, आधार उरत नाही, आणि दोन्ही बाजूंची प्लाय आत दबते.

गळती

नवी पिशवी प्रथम रिकाम्या तळफळीवर तपासावी: काटा ६० वर नेऊन पंप बंद करावा आणि अर्धा तास पाहावे. काटा एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरने उतरला तर ते चालण्याजोगे. भराभर उतरला तर गळती शोधणे आले. सायकलच्या ट्यूबसारखे साबणाचे पाणी लावण्याचा मोह येथे होतो, पण निर्वातात हवा बाहेर येत नसून आत जात असल्यामुळे बुडबुडे येत नाहीत, उलट साबणाचे पाणीच आत ओढले जाते. शांत शेडमध्ये कान लावून सूं असा बारीक आवाज ऐकणे, किंवा उदबत्तीचा धूर सांध्याजवळून फिरवून तो कुठे आत वळतो हे पाहणे, हे उपाय अधिक उपयोगी. उदबत्तीचा विस्तव मात्र पिशवीला लागू देऊ नये.

उन्हाळ्यातले गणित

चिकटद्रव्य पायावर लावावे, पानावर नव्हे, कारण ओले झालेले पान लगेच गुंडाळी करू लागते. एका चौरस मीटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरेसे होते. अधिक लावले तर दाबाखाली ते पानाच्या रंध्रांतून वर येते आणि पॉलिशला डाग पडतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाणी गमावून घट्ट होतो, आणि बंद पिशवीत ते पाणी बहुतांशी लाकडातच मुरते. युरिया-फॉर्माल्डिहाइडचे चिकटद्रव्य रासायनिक क्रियेने कडक होते आणि पुढे सरकत नाही, म्हणून वळणदार कामाला तेच अधिक भरवशाचे, जरी त्याचा वास डोळ्यांना झोंबतो.

कुर्डुवाडीच्या मे महिन्यात शेडमधले तापमान सहज चाळीस अंशांवर जाते आणि दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. फेव्हिकॉल लावल्यापासून पिशवी बंद करण्यापर्यंत मिळणारा अवधी आखडतो, म्हणून हे काम सकाळी लवकर करणे श्रेयस्कर. दुसरी अडचण कमी परिचित आहे. पाणी शंभर अंशांना उकळते ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली. दाब उतरवला की उकळबिंदूही उतरतो, आणि चाळीस अंशांच्या पाण्याला उकळण्यासाठी पाऱ्याच्या साडेपाच सेंटीमीटरांइतका दाब पुरतो. कुर्डुवाडीच्या ७१.५ मधून साडेपाच वजा केले की ६६ उरतात. याचा अर्थ, त्या दुपारी काटा ६६ वर पोचला की कडांशी बाहेर आलेल्या आणि रंध्रांत शिरलेल्या चिकटद्रव्यातले पाणी अक्षरशः उकळू लागते, तिथे फेस येतो आणि वाफ थेट पंपाच्या तेलात जाते. एसीवाल्याचा पंप ही खोली सहज गाठू शकतो, आणि तो जितका चांगला तितका हा धोका मोठा. त्यामुळे निर्वात-स्विच ५५ ते ६० च्या दरम्यान ठेवणे उत्तम. ६० वरून ६६ वर गेल्याने भार केवळ दहा टक्क्यांनी वाढतो, आणि व्हेनियरला त्याची गरज नसते.

वळणे आणि मर्यादा

सपाट दरवाजापेक्षा या यंत्राचा खरा कस वळणदार कामात दिसतो. शिकंजा एकाच दिशेने दाबतो, त्यामुळे कमानीच्या माथ्यावर त्याचा जोर पूर्ण लागतो आणि उतरत्या बाजूंवर तो घसरतो. हवा मात्र प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागाला काटकोनात दाबते, मग तो पृष्ठभाग कसाही वळलेला असो. पातळ प्लायचे तीन-चार थर चिकटद्रव्य लावून साच्यावर ठेवले आणि पिशवीत घातले तर खुर्चीची पाठ किंवा गोल काउंटरचा दर्शनी भाग एकाच दाबात तयार होतो. साचा आतून भरीव, निदान जवळजवळ फासळ्यांचा असावा लागतो, पोकळ दरवाजाला लागू असलेले कारण येथेही लागू आहे.

हवेच्या भाराहून अधिक दाब मात्र या मार्गाने कधीही मिळत नाही, पंप कितीही मोठा घेतला तरी. प्लायवूड बनवणाऱ्या कारखान्यांतली तापलेली दाबयंत्रे याच्या कित्येक पट दाब देतात. अमेरिकेत १९२७ साली उडालेल्या लॉकहीड व्हेगा या विमानाचे लाकडी धड घडवताना थर काँक्रीटच्या साच्यात ठेवून आत रबरी पिशवी फुगवली जाई. तिथे पिशवीतली हवा काढत नसत, आत भरत असत, आणि म्हणून बाहेरच्या हवेच्या भाराची मर्यादा तिला बांधत नसे, पण मग तो दाब सोसणारा काँक्रीटचा साचाही लागत असे.

काम पिशवीतून बाहेर काढल्यावर ते लगेच भिंतीला टेकवून ठेवू नये. लाकडात मुरलेले पाणी अजून बाहेर पडायचे असते, आणि एकच बाजू उघडी राहिली तर ती आधी सुकून आकसते व पत्रा त्या बाजूला वाकतो. म्हणून खाली पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंनी सारखी हवा लागेल असा, तो रात्रभर आडवा ठेवतात. याच कारणास्तव दरवाजाच्या मागच्या बाजूला, जी कुणाला दिसणार नाही तिलाही, स्वस्तातले का होईना पण तितक्याच जाडीचे पान लावावे लागते.